भिवाची खबर

नदीकाठच्या एका क्षेत्री पूर्वी एक वृद्ध उपाध्ये राहत असत. यात्रेकरूंच्या वंशावळी राखणे हे त्यांच्या घराण्याचे सात पिढ्यांचे काम. कोणी स्नानाला आला, अस्थी घेऊन आला किंवा श्राद्धाला आला, की ते त्याचे गाव आणि आडनाव विचारीत, माजघरातल्या फळीवरून त्या गावाची वही काढीत, आणि त्याच्या पणजोबांनी कधीकाळी याच ओसरीवर बसून केलेली नोंद त्याला वाचून दाखवीत. मग आलेल्याने आपली आणि आपल्या मुलाबाळांची नावे त्याखाली लिहायची. या वह्यांना नामावळी म्हणत.

नरहरी नावाचा त्यांचा एक शिष्य होता. वय तिशीचे. नऊ वर्षे गुरुजींजवळ राहून तो जुनी मोडी अक्षरे सहज वाचू लागला होता, आणि कोणत्या गावाची वही कोणत्या फळीवर आहे हे त्याला न पाहता सांगता येई. एखाद्याचा पणजोबा त्याने घटकाभरात शोधून दिला, की त्या माणसाचा चेहरा उजळे आणि नरहरीलाही धन्य वाटे. नाव सापडले म्हणजे माणूस सापडला, अशी त्याची समजूत होती.

माघातल्या एका सकाळी ओसरीपुढे टांगा थांबला आणि त्यातून एक प्रौढ गृहस्थ उतरले. पंचावन्नच्या आसपासचे, अंगावर उंची शाल, पण चेहरा फार दिवस झोप न लागलेल्या माणसासारखा. वऱ्हाडात त्यांचा तांब्यापितळेच्या भांड्यांचा मोठा व्यापार होता. नाव मार्तंडशेठ.

"आडनाव काय आपलं?" नरहरीने विचारले.

"तेच शोधायला आलोय."

"बरं, मूळ गाव?"

"तेही."

नरहरीला हसू आले. "शेठजी, इथे शेकडो वह्या आहेत. गाव नाही, आडनाव नाही, मग मी उघडू कोणती?"

"सगळीकडे हेच विचारतात," मार्तंडशेठ खाली बसत म्हणाले. "आजवर नऊ क्षेत्रं झाली. तीन वर्षं मी नदीकाठांनी फिरतोय. माझ्या वडिलांचं नाव धोंडोजी. आजोबांचं भिवाजी. त्यापुढे काही नाही. दरवर्षी श्राद्धाला बसतो. भटजी वडिलांचं नाव विचारतात, सांगतो. आजोबांचं विचारतात, सांगतो. पणजोबांचं विचारलं की गप्प होतो. भटजी म्हणतात, नाव ठाऊक नसेल तर शास्त्रानं सोय केलेली आहे, चालतं. त्यांचं चालतं हो. माझा हात तिथं अडतो."

वृद्ध उपाध्ये भिंतीला टेकून हे ऐकत होते. त्यांनी विचारले, "तुमचे आजोबा घरापासून तुटले कसे?"

मार्तंडशेठनी शालीचे टोक उगाच नीट केले. मग म्हणाले, "दुष्काळ होता म्हणे. माणसं गावं सोडून निघाली होती. आजोबा तेव्हा चार-पाच वर्षांचे. त्यांना एवढंच आठवायचं, की मोठी नदी होती, काठावर पुष्कळ माणसं होती, आणि त्यांच्या बापानं त्यांना उचलून नावेत बसवलं. नाव निघाली. बाप काठावरच राहिला. पलीकडे तांबटांचा एक तांडा चालला होता, त्यांनी या पोराला उचललं, वाढवलं, धंदा शिकवला. बापाचं नाव आजोबांना सांगता आलं नाही. ते त्याला 'बा' म्हणत, एवढंच."

"पुढे त्यांनी शोध केला नाही?"

"नाही. मोठेपणी पैसा होता, माणसं होती, मनात आणलं असतं तर केला असता. पण त्यांनी आपल्या बापाचं श्राद्धसुद्धा कधी घातलं नाही. म्हणायचे, ज्यानं मला नावेत सोडून दिलं, त्याला मी पाणी कशाला सोडू? घरात खाणारी तोंडं जास्त झाली, म्हणून मला टाकलं. हे ते शेवटपर्यंत धरून बसले."

हे शब्द ऐकताच वृद्ध उपाध्ये उठले. गुडघे धरून उठायला त्यांना वेळ लागला. ते स्वतः माजघरात गेले आणि सर्वांत वरच्या फळीवरून एक लहानसे दप्तर काढून आणले. पिवळ्या फडक्यात बांधलेले. नरहरीने ते नऊ वर्षांत कधी सोडलेले पाहिले नव्हते. गुरुजींनी ते मांडीवर ठेवले, पण सोडले नाही.

"शेठजी," ते म्हणाले, "तीन दिवस इथे राहाल का?"

"तीन महिने राहीन. पण त्यात काही आहे का?"

"आधी तुम्ही मला तुमच्या आजोबांबद्दल सांगा. नरहरी, कागद घे. शेठजी सांगतील ते लिही."

मार्तंडशेठ सांगू लागले. भिवाजींनी बाजारपेठेत पहिले दुकान कसे घातले, विहीर कशी बांधली, धर्मशाळा कशी बांधली. गुरुजींनी हात वर केला.

"हे राहू द्या. जेवायला काय आवडायचं त्यांना?"

"जेवायला?"

"हो. आणि झोपायचे कसे? हसायचे का? कशाला भीत?"

मार्तंडशेठच्या कपाळावर आठी उमटली. "गुरुजी, मी विचारायला आलोय, सांगायला नाही."

"ठाऊक आहे मला," गुरुजी शांतपणे म्हणाले. "जेवायला काय आवडायचं?"

नाइलाजाने शेठनी आठवून आठवून सांगायला सुरुवात केली. ज्वारीचे आंबील आवडायचे, त्यात लसूण हवा. बोलणे कमी. गंमत सांगितली की आधी स्वतःच हसत आणि मग गंमत अर्धीच राही. पाहता पाहता दुपार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. गुरुजी फार बारीक प्रश्न विचारीत. अंगाने कसे होते? आजारी पडत का? वाढवणाऱ्यांनी मारले का कधी? मार्तंडशेठना काही आठवे, काही आठवत नसे. जे आठवत नसे, त्याची त्यांना लाज वाटू लागली.

नदीचे नाव निघाले तेव्हा ते म्हणाले, "नावेत मात्र ते कधी बसले नाहीत. दोन दिवसांची वाट वाकडी करून पुलावरून जायचे. आणि जत्रेला गेलो की आम्हा सगळ्या नातवंडांची मनगटं आपल्या उपरण्याला बांधायचे. लोक हसायचे. आम्हालाही राग यायचा."

"आणि झोपताना?"

"झोपताना कान धरायचे." शेठ हे सांगताना थोडे संकोचले. "स्वतःचाच. डाव्या कुशीवर वळून, उजव्या हातानं कानाची पाळी धरून झोपायचे. एवढा मोठा माणूस, पण झोपला की लहान पोरासारखा दिसायचा."

गुरुजींनी डोळे मिटले. मांडीवरच्या दप्तरावर त्यांचा हात जरा घट्ट झाला. नरहरीने ते पाहिले.

त्या दुपारी शेठ धर्मशाळेत गेल्यावर गुरुजींनी दप्तर सोडले आणि आतले पान पाहिले. नरहरी शेजारीच होता. पहिल्या ओळीवरून त्याची नजर गेली. 'भिवा, वय वर्षे पाच.' त्याआधी बापाचे नाव, गावाचे नाव. सारे स्वच्छ होते. गुरुजींनी पानावर हात ठेवला.

नरहरीला राहवले नाही. "गुरुजी, हे तर सापडलेलंच आहे! तो माणूस तीन वर्षं वणवण करतोय. नाव इथे आहे, आणि आपण त्याला आजोबा आंबील कसं खात ते विचारत बसलोय? हा छळ आहे."

"उद्याचा एक दिवस," गुरुजी म्हणाले.

"पण कशासाठी?"

"अजून त्यांनी शेवटचं सांगितलेलं नाही."

नरहरीला हे पटले नाही. त्या दिवशी तो गुरुजींशी फारसा बोललाही नाही. इतक्या वर्षांत त्यांच्याविषयी पहिल्यांदाच त्याच्या मनात राग आला होता.

तिसऱ्या दिवशी मार्तंडशेठ आपणहून लवकर आले. न विचारता ओसरीवर बसले आणि नदीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "एक गोष्ट राहिलीय. घरात कुणाला सांगितलेली नाही.

"आजोबा गेले तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. त्या दुपारी त्यांच्याजवळ मी एकटाच होतो. बहात्तर वर्षांचा माणूस, डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हते. एकाएकी माझ्याकडे वळून म्हणाले, 'बा, हात दे.' मला काय करावं कळेना. मी हात दिला. त्यांनी तो असा धरला, की बोटं दुखायला लागली. दुपारभर धरून होते. मग सुटला." शेठनी आपल्या हाताकडे पाहिले. "आयुष्यभर ज्याचं नाव काढलं नाही, त्यालाच शेवटी हाक मारली. आणि हात दिला मी. ते काम माझं नव्हतं. ज्याचं होतं तो कुठे होता, त्यानं का सोडलं, एवढं तरी मला कळायला हवं. म्हणून फिरतोय."

गुरुजींनी पिवळे दप्तर काखेत घेतले. मग म्हणाले, "नरहरी, तू लिहिलेले कागद घे. चला, घाटावर जाऊ."

सकाळची वेळ होती. घाटावर स्नानाची गर्दी ओसरली होती. गुरुजी सर्वांत खालच्या पायरीवर गेले. मार्तंडशेठ मागे उभे राहिले. गुरुजी शेठकडे वळले नाहीत. त्यांनी नदीकडे तोंड केले, कागद डोळ्यांजवळ धरले आणि समोर कोणी उभा असावा तसे ते वाचू लागले.

"सुभाना बिन राणू साळी, मौजे उंबरदरे, यास कळावे. तुमचा भिवा जगला. पलीकडच्या काठावरून तांबटांच्या तांड्याने त्याला नेले. त्यांनी त्याला पोटभर खाऊ घातले, मारले नाही. तो उंच झाला. त्याला लसूण घातलेले आंबील आवडे. आपल्याच गमतीला तो आधी हसे. त्याचे लग्न झाले. सुनेचे नाव तुळसा. पाच मुले झाली, चार जगली. त्याने विहीर बांधली. पाण्याला तो भीत असे, नावेत बसत नसे. आपली मुले-नातवंडे गर्दीत चुकू नयेत म्हणून त्यांची मनगटे उपरण्याला बांधीत असे. झोपताना कान धरी. बहात्तर वर्षे जगून घरच्या माणसांत तो वारला. तुमच्यावर त्याचा राग होता. पण शेवटी त्याने तुम्हालाच हाक मारली आणि हात मागितला. हात त्याच्या नातवाने दिला. नातवाचे नाव मार्तंड. तो इथे आला आहे."

वाचून झाल्यावर गुरुजींनी कागद कपाळाला लावले आणि पायरीवर ठेवले.

मार्तंडशेठ एक पायरी खाली आले. "सुभाना..." ते एवढेच म्हणाले. मग, "गुरुजी, हे मला सांगायचं सोडून तुम्ही पाण्याला का सांगताय? कोण आहे तिथं?"

"बसा," गुरुजी म्हणाले. "आता तुमची पाळी."

त्यांनी पिवळे फडके सोडले. आत जेमतेम दहा-बारा पाने होती. "हे माझ्या आजोबांचं अक्षर. सुभानाला लिहिता येत नव्हतं. तो सांगायचा, आजोबा लिहायचे, आणि खाली तो आपली निशाणी काढायचा. विणकर होता, म्हणून निशाणी मागावरचा धोटा. हा बघा." प्रत्येक नोंदीखाली शाईने काढलेला एक छोटा, दोन्हीकडे टोकदार धोटा होता. गुरुजी वाचू लागले.

"पहिली नोंद. 'पुत्र भिवा, वय वर्षे पाच, रंग सावळा. दुष्काळात गाव सोडून निघालो असता नदीच्या उतारावर बायको तापाने पडली, अंगावर तान्ही मुलगी. नावाडी म्हणाला, पोरे आधी. म्हणून भिवास शेजारणीच्या हवाली करून नावेत बसविले. मागल्या नावेने दोन प्रहरांनी आम्ही उतरलो. शेजारीण भेटली. भिवाचा हात गर्दीत सुटला म्हणून रडू लागली. आठ दिवस शोधला. ज्यास सापडेल त्याने सांभाळावे. तो झोपताना कोणाचा तरी कान धरतो. धरू द्यावा.'"

मार्तंडशेठनी दोन्ही हातांनी तोंड झाकले.

"ही पुढल्या सालची. 'भिवाची खबर नाही.' त्याच्या पुढल्या साली, 'खबर नाही. खाली दहा गावे पाहिली.' सात सालं अशीच गेली. मग ऐका. 'भिवा आता बारा वर्षांचा झाला असेल. मुंडासे बांधत असेल. कोणी मारीत नसो.' पुढे एके साली, 'भिवा आता वीस वर्षांचा. लग्न झाले असेल. सुनेचे नाव आम्हांस ठाऊक नाही. सुनेस आशीर्वाद.' तेवीस सालं तो आला, शेठजी. उंबरदऱ्याहून इथवर चार दिवसांची वाट. एकही माघ त्यानं चुकवला नाही."

गुरुजींनी शेवटचे पान वर केले. या पानावर धोटा नव्हता. त्याजागी एका बोटाचा ठसा होता. "ही त्याच्या बायकोची. सईबाईची. 'सुभाना कार्तिकात वारला. भिवा कधी आला तर त्यास सांगावे, बाप काठावर राहिला नव्हता. नावेत जागा नव्हती. तो मागल्या नावेने आला.'"

मार्तंडशेठ रडत होते. पायरीवर बसून, मुलासारखे, मोठ्याने. घाटावरून जाणारा एक माणूस थबकला आणि मान खाली घालून निघून गेला. नरहरीने पाण्याने भरलेला तांब्या त्यांच्याशेजारी ठेवला.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आजोबांना हे कळलं असतं तर..." आणि वाक्य तसेच सोडून दिले.

मग गुरुजी बोलले. "तीन दिवस मी तुम्हाला थांबवलं. नरहरी माझ्यावर रागावलाय, तुम्हीही मनातून रागावला असाल. आता सांगतो. तुम्हाला वाटत होतं, शोध तुम्ही सुरू केलात. तीन वर्षं तुम्ही पणजोबांना शोधलंत, हे खरं. पण तुम्ही जन्मायच्या कितीतरी आधी तो तुम्हाला शोधत या पायरीवर आला होता. तुम्ही नाव मागायला आलात. तो खबर मागायला आला होता. नाव माझ्या दप्तरात होतं, मी केव्हाही दिलं असतं. खबर मात्र तुमच्या एकट्याजवळ होती. माझ्या आजोबांनी हे दप्तर वडिलांच्या स्वाधीन केलं, वडिलांनी माझ्या. दोघांनी एकच सांगितलं, या माणसाला उत्तर द्यायचं राहिलंय. शेठजी, मी नाव आधी सांगितलं असतं, तर तुम्ही ते घेऊन, नमस्कार करून, उद्या गावी गेला असता. तो पुन्हा तसाच उभा राहिला असता. ज्यानं आधी विचारलं, त्याला आधी सांगायला नको का?"

नरहरीने मान खाली घातली. गेल्या नऊ वर्षांत शेकडो माणसांना त्याने त्यांच्या पूर्वजांची नावे वाचून दाखवली होती. ती लिहिताना त्या माणसांच्या मनात काय असेल, हा विचार त्याला एकदाही शिवला नव्हता.

त्या दिवशी मार्तंडशेठनी घाटावर तर्पण केले. नाव उच्चारायची वेळ आली तेव्हा भटजींना त्यांनी विचारू दिले नाही. स्वतःच म्हणाले, "सुभाना." मग थांबून आणखी एक नाव घेतले, "सईबाई." मग गुरुजींपुढे बसून नामावळीत त्यांनी आपल्या घरातली झाडून सगळी नावे लिहिली. लेकींची, सुनांची, पाळण्यातल्या नातीचेसुद्धा.

"उंबरदऱ्याला आता कुणी असेल का?" जाताना त्यांनी विचारले.

"सांगता येत नाही. त्या घरातलं नंतर इथे कुणी आलं नाही. नरहरी, तू शेठजींच्या बरोबर जा. कुणी असलंच, तर ही पानं वाचून दाखवायला माणूस हवा." आणि आपल्या आजोबांनी लिहिलेली ती पाने, जी घराबाहेर कधी गेली नव्हती, ती गुरुजींनी नरहरीच्या हाती दिली.

उंबरदरे लहानसे गाव. मागांचा आवाज आता तिथे दोन-तीनच घरांतून येत होता. सुभाना साळ्याचे घर म्हणून विचारले तर कोणाला सांगता येईना. शेवटी एका म्हाताऱ्याने सांगितले, की सुभानाला मुलगा नव्हता, लेकीला घरजावई करून घेतला होता, तिची नातसून गिरजाबाई त्या टोकाच्या घरात राहते.

दोघे पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. गिरजाबाई सत्तरीच्या होत्या. चुलीपुढे बसल्या होत्या. दूरची माणसे आली आहेत, दमली आहेत, एवढे पाहून त्यांनी काहीच विचारले नाही. "आधी हातपाय धुवा," म्हणाल्या. "कामाचं नंतर बोलू. भाकरी होतच आलीय."

मार्तंडशेठना बोलायला सुरुवात कुठून करावी ते सुचेना. ते आणि नरहरी भिंतीशी बसले. गिरजाबाईंनी पहिली भाकरी तव्यावरून उतरवली, एका लहान ताटलीत ठेवली, तीवर थोडे कालवण घातले, दुसऱ्या ताटलीने ती झाकली आणि कोनाड्यात ठेवून दिली. मगच पाहुण्यांची ताटे घेतली.

"देवाचा नैवेद्य का?" नरहरीने सहज विचारले.

"भिवाचा वाटा," गिरजाबाई म्हणाल्या.

मार्तंडशेठ जागच्या जागी ताठ झाले.

"भिवा कोण?" नरहरीने हळूच विचारले.

"काय की बाबा. घरातला कुणी देव असंल. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूनं दाखवून दिलं, तिला तिच्या सासूनं. आजेसासू फार बोलायची नाही. एवढंच म्हणायची म्हणे, भिवा उशिरा यायचाय, त्याचं आधी काढून ठेवायचं. सकाळी गाईला घालते. एक दिस चुकवला नाही मी."

नरहरीने शेठकडे पाहिले. ते कोनाड्याकडे पाहत होते. तेव्हा नरहरीनेच सांगितले. सावकाश, थोडक्यात. नावेचे, तांबटांचे, तेवीस माघांचे. बरोबरची पाने त्याने बाहेर काढली, पण वाचायची गरज पडली नाही. गिरजाबाई तव्याकडे पाहत ऐकत होत्या. तव्यावरची भाकरी करपली, ती उलटायचे त्यांना भान राहिले नाही.

ऐकून झाल्यावर त्या उठल्या. पदराने डोळे पुसले, डोक्यावरचा पदर नीट केला. कोनाड्यातली ताटली काढली, वरची झाकणी बाजूला केली आणि मार्तंडशेठच्या पुढ्यात ती ताटली ठेवली.

"उशीर केला लई," त्या म्हणाल्या. "जेव आता. गार व्हायच्या आत."

मार्तंडशेठनी घास मोडला. सारी भाकरी त्यांनी संपवली. हात धुताना ते म्हणाले, "वहिनी, उद्यापासून हा वाटा काढला नाही तरी चालेल आता."

गिरजाबाई पुन्हा चुलीपुढे बसल्या होत्या. पिठाचा गोळा हातात घेऊन त्या म्हणाल्या, "असं कसं? हाताला सवय झालीय. आणि उशिरा येणारं कुणीतरी असतंच की."